स्वस्तातले पिस्तूल घ्यावे काय?

शाळेच्या वार्षिकात पिस्तुलाचा विषय यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु हल्ली मुलांच्या गप्पांत हा विषय वरचेवर निघतो, हे आमच्या कानांवर आहे. मोबाइलवरील चित्रफितींत कमरेला पिस्तूल खोचलेला तरुण त्यांना नित्य दिसतो. मोठी माणसेही, जवळपासच्या वसाहतीत घरफोडी झाली की, "एखादे हत्यार घरात असलेले बरे" असे बोलून जातात. परवान्याचे हत्यार महाग, म्हणून मग काही हजारांत मिळणाऱ्या 'कट्ट्या'ची गोष्ट निघते. तेव्हा मुलांसमोर हा प्रश्न टाळण्यापेक्षा सरळ विचारलेला बरा : स्वस्तातले पिस्तूल घेण्याच्या लायकीचे असते काय?

आमचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे पहिले कारण कायद्यातले नसून लोखंडातले आहे.

काडतुसाच्या बुडावर आघात झाला की आतील दारू पेटते आणि क्षणार्धात तिचा वायू होतो. रिव्हॉल्व्हरचे ०.३२ इंची साधे काडतूस घेतले, तरी नळीच्या मुळाशी दर चौरस इंचावर सुमारे १५ हजार पौंडांपर्यंत दाब उत्पन्न होतो. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरची शिटी होते, तेव्हा आतील दाब बाहेरच्या हवेहून दर चौरस इंचास अवघा १५ पौंडांच्या आसपास अधिक असतो. म्हणजे कुकरच्या हजारपट दाब, आणि तोही आपल्या मुठीत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर! हा दाब सोसावा म्हणून चांगला कारखाना निवडक पोलाद वापरतो, आणि हत्यार विक्रीस पाठविण्यापूर्वी नेहमीपेक्षा जोरकस काडतूस उडवून त्याची परीक्षा घेतो. कट्ट्याची अशी परीक्षा कोण घेणार? त्याची नळी बहुधा पाण्याच्या पाइपाची किंवा मोटारीच्या स्टिअरिंगच्या दांड्याची असते. काडतूस तीत नीट बसत नाही, वायू मागे फुटतो, आणि कधी कधी नळीच फुटून उडविणाऱ्याची बोटे अथवा डोळा जातो. नळीत आटे पाडलेले नसल्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही, व ती भलतीकडे जाते. येथील अनेक विद्यार्थ्यांचे वडील सिल्वासाच्या कारखान्यांत लेथवर उभे असतात. नळाचे लोखंड आणि कसदार पोलाद यांतील भेद त्यांना आम्ही सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल की, हा दोष चोरट्या मालाचा झाला; रीतसर कारखान्यात स्वस्त पिस्तूल तयार केले तर काय हरकत आहे? हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. तेथे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव पिस्तुले अगदी अल्प किमतीत विकली जात. बाहेरून येणाऱ्या अशा मालाला १९६८ च्या कायद्याने पायबंद घातला, तेव्हा तीच देशात तयार होऊ लागली. त्यांपैकी ब्रायको नावाच्या कंपनीच्या एका पिस्तुलाची रचना अशी होती की, आतील गोळी काढण्यासाठी आधी सुरक्षेची कळ उघडावी लागे. १९९४ साली कॅलिफोर्नियात एका घरी ते पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाला लागली. तो मानेखाली कायमचा लुळा झाला. २००३ साली जूरीने पाच कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा निकाल दिला, व कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्या घरात कोणी कोणाचा शत्रू नव्हता, एवढे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडील परवान्याचे हत्यार स्वस्त नाही, हे खरे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. त्या वेळी तेवढ्यात चारेक तोळे सोने आले असते! या किमतीत स्पर्धेच्या अभावाचाही वाटा असेल. ती सगळी पोलादाचीच आहे, असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्यावर तोडगा म्हणून कट्टा घेणाऱ्याने हेही जाणावे की, १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, विनापरवाना पिस्तूल बाळगणाऱ्यास दोन ते पाच वर्षांची कैद आहे. एकवीस वर्षांखालील मुलास तर परवान्याचा मार्गही सहसा खुला नाही.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आमच्याच भूमीतून निघतो. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसास निःशस्त्र केले, आणि ते शल्य इतके खोल होते की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांत, नियमांच्या मर्यादेत, शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला. पुढे १९५४ साली हे सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, तेही सशस्त्र स्वयंसेवकांकडूनच. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून सुधीर फडके यांनी पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम घडवून आणला होता. मग शस्त्र वाईट कसे?

शस्त्र वाईट आहे असे आमचे म्हणणेच नाही. परंतु २ ऑगस्ट १९५४ रोजी येथे आलेल्या त्या तरुणांची हत्यारे थोडी होती. ती सर्वांच्या पैशांतून, एका ठरलेल्या कार्यासाठी मिळविलेली होती, आणि आपण काय करतो आहोत हे ते जाणून होते. उशाखाली दडविलेल्या कट्ट्याला त्यांचे नाव देणे हा त्यांचा अपमान होईल. घराला भीती वाटत असेल, तर भक्कम कुलूप, गल्लीत दिवा, शेजाऱ्यांशी बोलणे आणि ११२ हा क्रमांक, एवढ्याने पुष्कळ भागते. कट्ट्याने मात्र चोराआधी घरातल्या मुलालाच धोका, कारण उशाखालची वस्तू प्रथम त्याच्या हाती लागते.

ज्या मुलामुलींना नेमबाजीची खरीच ओढ आहे, त्यांनी कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्याकडे पाहावे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. असे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज होत. त्या वाटेने जावयाचे, तर आरंभ छऱ्याच्या पिस्तुलाने, प्रशिक्षकाच्या नजरेखाली होतो, आणि हत्यार रिकामे आहे की नाही हे पाहण्याचा धडा नेम धरण्याच्या आधी शिकवला जातो.