कशासाठी शिकताय, काका?

गेल्या पावसाळ्यात 72 वर्षांचे एक गृहस्थ डाव्या अंगठ्याचे मूळ सुजलेल्या अवस्थेत माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे. काही जड उचललेत का, असे विचारल्यावर जरा संकोचून म्हणाले, ‘गिटारच्या क्लासला जातो, डॉक्टर. तीन महिने झाले. आता सोडतोय. वय झालं.’

वर्गातील बाकीचे विद्यार्थी शाळकरी होते आणि सर्वांना एकच क्रम होता. पोलादी तारांची गिटार, स्वरपंक्तींचा सराव आणि मग ‘एफ’ची कॉर्ड. या कॉर्डमध्ये तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात आणि त्या तर्जनीला मानेच्या मागून आधार द्यावा लागतो तो अंगठ्याने. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा उतारवयात अनेकांचा झिजलेला असतो. काकांचाही होता. त्यांची चिकाटी कमी पडली नव्हती. सांध्यावर त्याच्या ताकदीबाहेरचा भार पडला होता.

‘कशासाठी शिकताय, काका?’ मी विचारले. हा प्रश्न त्यांना तोवर कोणी विचारला नव्हता.

‘हिला हल्ली विसर पडतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी गायची. तिचं एक भावगीत तिच्यासोबत वाजवता आलं की पुरे.’

मी आजवर हृदयतज्ज्ञांना आणि अस्थितज्ज्ञांना पुष्कळ चिठ्ठ्या लिहिल्या. गिटारच्या शिक्षकाला लिहिलेली ती पहिलीच. तो तरुण शिक्षक दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आला, हे त्याचे मोठेपण. पोलादी तारांपेक्षा नायलॉनच्या तारांचा ताण साधारण निम्मा असतो, म्हणून त्याने प्रथम गिटार बदलली. नंतर काकूंची पट्टी विचारली. एके काळी त्या काळी चारमध्ये गात; आता आवाज उतरून काळी दोनवर आला होता. त्याने पहिल्या पडद्यावर कॅपो लावला आणि ‘डी’, ‘जी’ व ‘ए’ या तीनच कॉर्ड शिकवायला घेतल्या. गाणे काळी दोनमध्ये बसले आणि ‘एफ’ची गरजच उरली नाही.

त्याच्याकडे एक निवृत्त गणित शिक्षिकाही येतात. त्यांना गाणे वाजवण्याची घाई नाही. तीन स्वर एकत्र आले की कॉर्ड का होते, हे समजून घ्यायचे आहे. त्यांना वहीवर मांडून दाखवल्याशिवाय समाधान होत नाही. पक्षाघाताने डावा हात दुर्बळ झालेल्या एका आजींना मात्र फक्त नातवाच्या मित्रमंडळींत बसायचे होते. त्यांच्यासाठी तारा ‘डी, जी, डी, जी, बी, डी’ अशा जुळवल्या. आता उजवा हात नुसता फिरवला तरी ‘जी’ची कॉर्ड वाजते. तिघांनाही एकाच पुस्तकातून शिकवले असते, तर तिघांनीही क्लास सोडला असता.

अमका विद्यार्थी ‘पाहून शिकणारा’, तमका ‘ऐकून शिकणारा’ असे शिक्के हल्ली सहज मारले जातात. तशी विभागणी करून शिकवल्याने अधिक शिकता येते, याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत तर मला वेगळीच शंका येते. ‘मी पाहूनच शिकतो’ म्हणणाऱ्या आजोबांना पुष्कळदा ऐकूच कमी येत असते. श्रवणयंत्र सहसा बोलणे स्पष्ट ऐकू यावे अशा बेताने लावलेले असते; संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते का, हे श्रवणतज्ज्ञांना जरूर विचारावे. ‘कागद नको, तोंडी सांगा’ म्हणणाऱ्यांचा चष्मा एकदा तपासावा.

आपल्या घरी कोणी शिकणार असेल, तर सराव एका बैठकीत तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे दोनदा करावा. सकाळी बोटे आखडत असतील, तर आधी कोमट पाण्यात हात बुडवावेत. बोटांची टोके सुरुवातीला हुळहुळतात, त्याची काळजी नको. पण सांधा वाजवून झाल्यावर दोन तासांनीही ठणकत असेल, तर सराव निम्म्यावर आणावा. बोट वाकून अडकू लागले, तर मधुमेहींनी विशेषतः दाखवून घ्यावे, कारण हा त्रास त्यांच्यात अधिक आढळतो. बोटे बधिर असतील, तर त्यांची टोके रोज डोळ्यांनी तपासावीत.

ज्यांना तारा दाबणे अशक्यच आहे, त्यांनी हवाईयन गिटार आठवावी. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवतात. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतात आणलेली गिटार ती हीच. 1967चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आपल्यापैकी अनेकांनी तबकडीवर ऐकला असेल.

गिटारने स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो, असे मी म्हणणार नाही. परिचित गाणी मात्र इतर आठवणी पुसट झाल्यावरही बरेचदा टिकून राहतात, हे मी घरोघरी पाहिले आहे.

दिवाळीनंतर काकूंचा रक्तदाब पाहायला मी त्यांच्या घरी गेलो. काकांनी गिटार काढली. काकूंनी माझे नाव दोनदा विचारले होते. गाणे सुरू झाले, तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. धृपद संपता संपता त्यांनी मांडीवर हाताने ठेका धरला, आणि अंतरा येताच मान न वळवता म्हणाल्या, ‘अहो, लय वाढतेय. जरा दमानं.’