घर कोठे घ्यावे?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुनःपुन्हा डोकावतो आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या या पत्रांचा आशय थोड्याफार फरकाने एकच असतो. शहराच्या दोन टोकांना दोन नव्या वस्त्या उभ्या राहिल्या आहेत, किंमती जवळजवळ सारख्या आहेत, कर्ज मिळण्यासारखे आहे; तेव्हा घर कोठे घ्यावे? या पत्रांना उत्तर देण्याचे मी आजवर टाळीत आले. याचे खरे कारण असे की, हाच प्रश्न आमच्या घरातही भिजत पडला होता, आणि स्वतःचे घर न ठरलेल्या बाईने दुसऱ्यास घर सुचवावे हे मनाला पटेना. आता तो सुटला आहे. म्हणून उपदेश न करता आमचाच हिशेब आपल्यापुढे मांडते.

आम्ही चेन्नईत राहतो. मैलापुरात भाड्याचे बिऱ्हाड आहे. आमचे यजमान शोळिंगनल्लूर येथील एका संगणक-कंपनीत काम करतात. आठवड्यातून तीन दिवस तेथे जातात व दोन दिवस घरून काम करतात. माझे कार्यालय नुंगंबाक्कम येथे. मुलगी सात वर्षांची. शिवाय सासूबाई आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीच्या गावभागातील त्यांच्या घरात पुरुषभर पाणी चढले. त्यानंतर आम्ही त्यांना इकडे आणले. त्यांना तमिळ येत नाही. शेजारी एक वृद्ध तंजावरी मराठी बाई राहतात. त्यांच्या घराण्याची मराठी तीनशे वर्षे तमिळ देशात राहून निराळीच झाली आहे. दोघींचे एकमेकींस निम्मेच कळते, पण संध्याकाळ बरी जाते.

पाहण्यात आलेल्या दोन वस्त्यांपैकी पहिली शोळिंगनल्लूरची. जुन्या महाबलिपुरम रस्त्यास आता राजीव गांधी सालै म्हणतात. २००० साली तरमणी येथे टायडेल पार्क सुरू झाले आणि पाहता पाहता या रस्त्याच्या दुतर्फा काचेच्या इमारतींची रांग लागली. शोळिंगनल्लूर २०११ मध्ये महानगरपालिकेत आले. तेथील अकराव्या मजल्यावरील सदनिका ऐसपैस होती. पूर्वेस समुद्राची रेघ दिसत होती, वारा असा की बोलणे ऐकू येऊ नये. पोहण्याचा तलाव, मुलांसाठी बाग, व्यायामशाळा, सारे कुंपणाच्या आत. यजमानांची कचेरी पायी वीस मिनिटांवर. खरे सांगते, त्या सज्जात उभे राहिल्यावर माझे मन तेथेच बसले होते.

दुसरी वस्ती मोगप्पैरची, शहराच्या पश्चिमेस, अण्णा नगरच्या पलीकडे. मकप्पेरु म्हणजे अपत्यलाभ, आणि त्यावरून हे नाव पडले असे तेथील लोक सांगतात. येथे तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाने पूर्वी वसाहती वसविल्या. आता त्यांतील जुनी घरे पाडून तीन-चार मजली नव्या इमारती उठत आहेत. आम्ही पाहिलेली सदनिका दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीने लहान. सज्जातून समोरच्या घराचे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, दुसरे काही दिसत नाही. मात्र खाली उतरले की किराण्याचे दुकान, फुलवाली, दूध-केंद्र, देऊळ आणि कोळशाची इस्त्री फिरवणाऱ्याची हातगाडी अशी सारी मंडळी पन्नास पावलांत भेटतात.

या शहरात घर पाहणाऱ्या मराठी माणसाची एक चूक हटकून होते, आणि ती आमचीही झाली. आपण पाऊस जून महिन्यात मोजतो. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून येतो. आम्ही पहिल्यांदा घरे पाहिली ती जानेवारीत, जेव्हा तळी भरलेली असतात, हवा गोड असते आणि कोणतेही घर चांगले दिसते. त्यामुळे मे महिन्यात एकदा, आणि कार्तिकात पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा, असे दोन्ही ठिकाणी पुन्हा जावयाचे ठरले. दलाल हसला. त्याला हसू द्यावे.

मे महिन्यात पहाटे साडेपाचला आम्ही शोळिंगनल्लूरला पोहोचलो, तेव्हा फाटकापाशी पाण्याच्या टँकरांची रांग लागलेली होती. विक्री-कार्यालयातील तरुणाने पूर्वी सांगितले होते की पाण्याची काळजीच नको. पहारेकऱ्यास विचारले. तो म्हणाला, "आज चौदा येतील अम्मा, काल अकरा आले." त्या टँकरांचा खर्च दरमहाच्या देखभालीच्या वर्गणीत मिळविलेला असतो, म्हणून घराची किंमत विचारताना गेल्या उन्हाळ्यातील वर्गणीचा आकडाही मागून घ्यावा. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, दक्षिणेकडील उपनगरांसाठी नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये त्याच्या जोडीला दुसरा आला. नळ पुढे पुढे सरकत आहेत. परंतु आपल्या दारात नळ केव्हा येईल हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये. शेजारच्या जुन्या इमारतीत जाऊन तेथला नळ उघडून पाहावा.

२०१९ चा जून येथील कोणी विसरलेले नाही. पूंडी, शोळवरम, पुळल व चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. या रस्त्यावरील काही कंपन्यांनी नोकरांस घरूनच काम करावयास सांगितले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी विल्लिवाक्कम स्थानकात आली, तेव्हा तिला फुलांच्या माळा घातल्या होत्या. आणि पुढच्याच महिन्यात सांगलीत सासूबाई माळ्यावर बसून नावेची वाट पाहत होत्या.

येथे थोडे विषयांतर होते आहे, पण ते घरात घडलेले असल्यामुळे सांगते. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्याच्या कृष्णेच्या पाण्यातून पाच-पाच अब्ज घनफूट पाणी तहानलेल्या मद्रासला द्यावयाचे मान्य केले. श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असा प्रवास करून कालव्याने ते पाणी पूंडीच्या जलाशयात १९९६ मध्ये प्रथम आले. हे मी एके रात्री जेवताना सांगितले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आपलीच कृष्णा? तिथं घरात शिरली, आणि इथं नळाला येते?" त्या दिवसापासून, कोणत्या घरी कोठले पाणी येते, ही चौकशी त्यांनी स्वतःकडे घेतली.

पावसाळ्यातील फेरीची गोष्ट निराळी. चेन्नई सपाट आहे. समुद्राकडे उतार इतका थोडा की पाण्याला कोठे जावे ते लवकर कळत नाही. पूर्वजांनी यावर एरी खोदून तोड काढली होती. एरी म्हणजे पाऊस साठवून शेतीस देणारे तळे. एक भरले की पाणी दुसऱ्यात, दुसरे भरले की तिसऱ्यात. दक्षिणेकडील अशा कित्येक तळ्यांचे पाणी शेवटी पळ्ळिकरणैच्या दलदलीत उतरते. तेथून ओक्कियम मडुवु नावाच्या ओढ्याने, याच राजीव गांधी रस्त्याखालून, ते बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे कोवळमच्या खाडीने समुद्रात जाते. या दलदलीचा बराच भाग बुजवून त्यावर रस्ते, इमारती आणि कचऱ्याचे ढीग उभे राहिले. उरलेल्यापैकी सुमारे १२५० हेक्टर क्षेत्रास २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाचा पाऊस कोसळला, तेव्हा वेळचेरी, पळ्ळिकरणै, पेरुंबाक्कम या भागांतून लोकांना नावांतून बाहेर काढावे लागले. अकराव्या मजल्यावर पाणी येत नाही, हे खरे. पण वीज जाते, उद्वाहक बंद पडतो, टँकर पोहोचत नाही, आणि गुडघे दुखणारी वृद्ध बाई वर अडकून राहते.

मग मोगप्पैर निर्भय आहे काय? मुळीच नाही. तेथील मंडळाच्या वसाहतीचे नावच मुळी 'मोगप्पैर एरी योजना' असे आहे; म्हणजे तेही एके काळचे तळेच. डिसेंबर २०१५ च्या पुरात कूवम नदीच्या काठी, नोळंबूरच्या बाजूस, घरे पाण्यात होती. किंबहुना चेन्नईत तळ्यावर न बसलेली वस्ती शोधू जाल तर शोधतच राहाल. गजबजलेले त्यागराय नगरदेखील १९२०च्या दशकात एक विस्तीर्ण तळे बुजवून वसले. तेव्हा प्रश्न तळे होते की नाही हा नसून, आपली गल्ली त्या तळ्याच्या काठावर आहे की पोटात, हा आहे.

याचे उत्तर आम्हांस इस्त्रीवाल्याने दिले. तो त्या कोपऱ्यावर बावीस वर्षे उभा आहे. त्याने विजेच्या खांबावर हात ठेवून दाखविले, "२०१५ मध्ये इथपर्यंत." ते त्याच्या गुडघ्याच्या खाली होते. दोन गल्ल्या पलीकडे त्याने छातीवर हात ठेवला. तेथेही एक सुंदर सदनिका विकावयाची होती, आणि आमच्या घराहून ती चार लाखांनी स्वस्त होती.

यानंतर मी एक कोष्टक केले. घरात कोण किती तास असते, एवढेच त्यात लिहिले. सासूबाई बावीस तास. मुलगी सोळा. मी तेरा. यजमान कचेरीच्या दिवशी बारा. आजवर सारी चर्चा यजमानांच्या प्रवासाभोवती फिरत होती, आणि तेच घरात सर्वांत कमी वेळ असणार होते. मोगप्पैरहून त्यांची कचेरी पंचवीस किलोमीटरांहून अधिक दूर. जाऊन-येऊन तीन तास सहज जातील. हा त्रास लहान नव्हे आणि तो मी लहान मानला नाही. मला मात्र तिरुमंगलमहून मेट्रो मिळते. २०१८ पासून ती सेंट्रलपर्यंत धावते, आणि एळुंबूरला उतरून बसने कार्यालय गाठता येते. मुलीची शाळा दहा मिनिटांवर. शोळिंगनल्लूरवरूनही मेट्रोचा मार्ग योजलेला आहे. पण होऊ घातलेल्या आगगाडीत बसून मुलीस आज शाळेत कसे पाठवावे?

दोघेही त्याच रस्त्यावर नोकरी करणारे, घरी कोणी वडीलधारे नसलेले तरुण जोडपे विचारावयास आले, तर मी त्यांस शोळिंगनल्लूरच सुचवीन. रोजचे तीन तास वाचणे ही मोठी मिळकत आहे.

कोष्टक पाहून यजमान दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तीनच दिवस तर जायचे आहे." त्या "तर" मध्ये जे होते ते मला कळले. समुद्र दिसणारा तो सज्जा त्यांनाही आवडला होता.

कागदपत्रांविषयी अनेकांनी विचारले आहे म्हणून थोडक्यात सांगते. आपल्याकडे सात-बाराचा उतारा, तसा येथे पट्टा. त्याखेरीज विल्लंगम, म्हणजे मालमत्तेवर बोजा आहे किंवा नाही याचा दुय्यम निबंधकाकडील दाखला. तो शक्य तितक्या मागच्या वर्षांपासूनचा काढावा. सदनिकेबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा किती मिळतो हे खतात चौरस फुटांत लिहिलेले असते. उंच इमारतीत तो फार थोडा निघतो, चार मजलीत बराच अधिक. पुढे इमारत जुनी झाल्यावर तुमच्या हाती उरते ती तेवढीच जमीन. शिवाय पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय २००३ पासून या राज्यात प्रत्येक इमारतीस सक्तीची आहे. झाकण उचलून ती विहीर प्रत्यक्ष पाहा. आमच्या इमारतीत ती विटांच्या तुकड्यांनी भरलेली निघाली. साफ करून घेतल्याशिवाय आम्ही इसार दिला नाही.

गृहप्रवेश लांबला, कारण आडि महिना लागला आणि या महिन्यात तमिळ माणूस नव्या घरात पाऊल टाकीत नाही. आम्हीही आवणि महिन्यापर्यंत थांबलो. नव्या घरात प्रथम दूध उतू जाऊ देण्याची चाल त्यांची आहे तशी आपलीही आहे. पातेले घेऊन सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या; समोरच्या दोरीवरचे कपडे काढून त्या घरातील आजीबाई दारात येऊन पाहू लागल्या. दूध वर आले तेव्हा दोघी एकदमच काहीतरी म्हणाल्या, एक तमिळमध्ये आणि एक मराठीत. मैलापूरच्या शेजारीणबाईंस दर रविवारी भेटावयास जाण्याचे ठरले आहे. पहिल्या दोन रविवारी तरी आम्ही गेलो.