पिकअपचे ब्रेक घरी बदला, पण ते का झिजले हेही बघा

एके काळी गावचा माल बाजारात जायचा तो बैलगाडीने, ट्रॅक्टरने, नाही तर भाड्याच्या मालमोटारीने. आज नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात जा, दोन-चार पिकअप उभ्या दिसतीलच. चाळीतला कांदा लासलगावला न्यायचा असो, टोमॅटोचे क्रेट पिंपळगावला पोचवायचे असोत की भाजीपाला घेऊन कसारा घाट उतरून वाशी गाठायची असो, सगळा भार पिकअपवर. गाडी आली, तिच्यामागोमाग बँकेचा हप्ता आला. पण गाडी सांभाळण्याची सोय काही गावात आली नाही. कंपनीचे वर्कशॉप तालुक्याला किंवा थेट जिल्ह्याला. तिथे दिवस मोडला की एक भाडे बुडाले. म्हणून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरीच, झाडाच्या सावलीत बदलायची पद्धत पडली आहे.

यात वावगे काही नाही. ज्याला इंजिनपंप खोलता येतो, त्याला पॅड बदलणे अवघड नाही. प्रश्न वेगळाच आहे. एक म्हणजे हे काम अर्धवट केले जाते. दुसरे म्हणजे पॅड एवढ्या लवकर का गेले, हे कोणी विचारत नाही.

आधी कामाचे बोलू. गाडी सपाट आणि कडक जमिनीवर लावा. नांगरलेल्या रानात किंवा ओल्या खळ्यात जॅक खचतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा. गाडी उचलली की चासीखाली लोखंडी घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. विटांचा थरही नको. वीट फुटायला वेळ लागत नाही.

दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदलायचे, पण खोलायची एकेकच बाजू. दुसरी नमुना म्हणून समोर राहते. कॅलिपर सोडवला की तो रबरी नळीवर लोंबू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. पिस्टन आत दाबण्याआधी ब्रेक ऑइलची डबी बघा. ती काठोकाठ असेल तर ऑइल वर येऊन सांडते आणि रंग खाते. पॅडची धूळ तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या किंवा हलक्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठी मिळणारे ग्रीसच लावा. साधे ग्रीस किंवा डिझेल लागले की रबर फुगते आणि पिन जाम होते. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल, तर समजा की पिन किंवा पिस्टन अडकतो आहे. तो मोकळा केल्याशिवाय नवे पॅड घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. चाक बसवल्यावर लगेच गाडी काढू नका. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल सरळ तळाला जाते. पेडल कडक लागेपर्यंत गाडी जागेवर ठेवून पुन्हा पुन्हा दाबा. एवढे विसरले की अंगणातून निघालेली गाडी समोरच्या भिंतीवरच थांबते. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा आहे, ती काढूनच निघा. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत दोन-चार दिवस माल हलका भरा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ब्रेक म्हणजे धावत्या गाडीचा जोर उष्णतेत बदलण्याचे साधन. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. वजन वाढले की त्याच प्रमाणात वाढते. दीड टनाच्या गाडीत तीन टन कांदा भरून राहूड घाट उतरायचा, तर पॅडने करायचे तरी काय? त्यातच ब्रेक ऑइल जुने. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. 'अचानक ब्रेक फेल झाला' असे आपण म्हणतो. पण त्यातले अचानक असे थोडेच असते.

आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मालाच्या वजनाने गाडी किती बसली, यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. जास्त माल भरता यावा म्हणून आपण पाट्यात पाने वाढवतो. मग गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामी आहे. तो मागचा जोर आखडता घेतो आणि सगळा ताण पुढच्या पॅडवर येतो. मालक म्हणतो, पॅड बोगस निघाले! बाजारात बोगस पॅड आहेत हे खरेच. पण दर वेळी दोष पॅडचा नसतो, कधी तो आपणच वाढवलेल्या पानांचा असतो.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा मालाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड ठेवला. अपघात झाला तर 'ब्रेक फेल झाला' एवढे सांगून मालकाची सुटका होत नाही. दोष छुपा होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडण्यासारखा नव्हता, हे मालकाने मांडावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले आहे. म्हणून काम घरी करा, पण पॅडचे पक्के बिल घ्या आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवा. दुधाचा हिशेब आपण ठेवतोच की!

पण सगळे खापर गाडीवाल्याच्या माथी मारून चालणार नाही. एका खेपेचे भाडे, डिझेल, टोल आणि हप्ता यांचा मेळ दीड टनात बसत नाही, म्हणून तो तीन टन भरतो. शेतकऱ्यालाही दोन खेपांऐवजी एक परवडते. व्यापारी गोणी मोजतो, गाडी मोजत नाही. या साखळीत प्रत्येकाचे चार पैसे वाचतात आणि धोका मात्र घाटात एकट्या चालकाच्या पायाखाली येतो. पुष्कळदा मागे मालावर मजूरही बसलेले असतात.

उपाय आपल्या हातातले आहेत. बाजार समितीच्या काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन होते आणि रिकाम्या गाडीचेही. ती पावती खिशात घालण्याआधी गाडीच्या आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून बघा. बाजार समित्यांनी हंगाम सुरू होण्याआधी आवारात दोन दिवस ब्रेक तपासणी ठेवावी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, तिथल्या मुलांना हाताला काम आणि अनुभव मिळेल. मागचे ड्रम, लायनर आणि तो व्हॉल्व्ह यांचे काम मात्र जाणकार फिटरकडूनच करून घ्यावे.

आणि चालकबंधूंनो, डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. जो गिअर घाट चढायला लागतो, त्याच गिअरमध्ये घाट उतरा. एका उतारावर वाचलेले डिझेल फार तर काही रुपयांचे. त्यासाठी भरलेली गाडी नुसत्या पॅडच्या भरवशावर सोडणे कोणालाच परवडणारे नाही.