महिन्याचा किराणा : स्वस्त दुकान नेमके कोणते?

महागाईची चर्चा आपल्याकडे घरोघर होते, पण किराणा मालाच्या दरांची शांतपणे तुलना करणारी घरे फार थोडी. "अमुक दुकानात साखर दोन रुपयांनी स्वस्त आहे" एवढ्या माहितीवर लोक दुकान बदलतात. वास्तविक एका वस्तूच्या दरावरून दुकान स्वस्त की महाग हे ठरत नाही. साखर, तेल यांसारख्या ज्या मालाचे भाव सर्वांना तोंडपाठ असतात, त्यांवर व्यापारी कमी नफा घेतो आणि मसाले, सुका मेवा, साबण अशा वस्तूंवर तो भरून काढतो. व्यापाराची ही जुनी रीत आहे. म्हणून तुलना करायची तर महिन्याच्या संपूर्ण यादीची केली पाहिजे, आणि तीही सारख्या प्रतीच्या मालाची.

लिटर आणि किलोचा घोळ

तुलनेत पहिली फसगत मापाची होते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13 किलो 650 ग्रॅमच तेल असते. समजा एका दुकानात 15 किलोचा डबा 2,250 रुपयांना आहे व दुसऱ्या दुकानात 15 लिटरचा डबा 2,130 रुपयांना. ग्राहक 120 रुपये वाचल्याच्या आनंदात दुसरा डबा उचलतो. हिशोब केला तर पहिले तेल 150 रुपये किलो पडते आणि दुसरे 156 रुपये!

पाकिटांचेही तसेच. पूर्वी चहा, बिस्किटे, पीठ अशा कितीतरी वस्तू ठरावीक वजनातच पॅक करण्याचे बंधन होते. नोव्हेंबर 2021 मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीने ते उठले. आता किलोच्या पाकिटाशेजारी 900 किंवा 850 ग्रॅमचे पाकीट दिसते. त्याच दुरुस्तीने पाकिटावर दर ग्रॅम वा दर किलोची किंमत छापण्याची तरतूदही केली. अक्षरे बारीक असली तरी तुलनेला उपयोगी पडणारा आकडा तोच. "इतके टक्के सूट" या पाटीला फारसा अर्थ नाही, कारण सूट छापील किंमतीवर मोजतात आणि छापील किंमत माल पॅक करणाराच ठरवतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते असेही नाही. तेथेही हाच आकडा पाहावा.

करातही फरक आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळी व पिठावर 5 टक्के जी.एस.टी. लागतो, सुट्या मालावर लागत नाही. माल पारखून घेणाऱ्याला भुसार दुकानातील सुटी डाळ म्हणूनच पुष्कळदा परवडते.

रोख आणि उधार

मोठी दुकाने स्वस्त कशी विकतात? 2002 साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टचे उदाहरण घ्या. ही मंडळी माल प्रचंड प्रमाणात उचलतात, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून जादा सवलत घेतात आणि शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान चालवतात. याउलट मोहल्ल्यातील दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून उधार माल आणतो आणि गिऱ्हाइकालाही उधार देतो. त्या उधारीचा खर्च कोठे तरी निघालाच पाहिजे. तो डाळ-तांदळाच्या दरात मिसळलेला असतो.

समजा महिन्याचे सामान मोठ्या दुकानात 3,000 रुपयांना आणि घराजवळ उधारीवर 3,200 रुपयांना मिळते. वर्षाचा फरक 2,400 रुपये. परंतु मोठ्या दुकानात जाण्या-येण्याच्या रिक्षाला 100 रुपये गेले व यादीबाहेरच्या वस्तूंवर 150 रुपये खर्च झाले, तर ते सामान 3,250 रुपयांना पडले! मोबाइलवर मागवलेल्या सामानातही पोहोचवण्याचे व हाताळणीचे पैसे धरल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

सर्वांत जास्त भाव मात्र मोजतो तो रोजंदारीचा आणि आठवड्याच्या पगाराचा माणूस. भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार एकदम पाच किलो डाळ घेऊ शकत नाही. तो पावशेर घेतो. पाच किलो घेणाऱ्याला जी डाळ 145 रुपये किलोने मिळेल, ती पाव किलोला 40 रुपये देऊन त्याला 160 रुपयांनी पडते. ज्याच्या खिशात कमी, त्यालाच माल महाग, हा खरा अन्याय आहे आणि केवळ दुकान बदलून तो दूर होत नाही.

उपाय काय?

पहिला, रेशनचा हक्क सोडू नये. प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते व जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ते वजा करूनच बाकीची यादी करावी.

दुसरा उपाय एकत्र खरेदीचा. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून हा मार्ग दाखवला आहे. शेजारची कुटुंबे संघ करून मागणी नोंदवतात, माल घाऊक घेतला जातो आणि सभासदांत वाटला जातो. एका चाळीतील दहा घरांनी तेल, तांदूळ, डाळ व साखर एवढ्याच चार वस्तू एकत्र घेतल्या तरी पावशेराचा भाव मोजावा लागणार नाही. रमजान किंवा दिवाळीच्या आधी तर याचा विशेष उपयोग होईल.

तिसरी गोष्ट आपल्या दुकानदार बांधवांसाठी. मोठ्या दुकानांच्या नावाने बोटे मोडून गिऱ्हाईक परत येणार नाही. चार दुकानदारांनी मिळून रोखीने माल उचलावा, दर किलोच्या भावाची पाटी लावावी आणि रोखीचा व उधारीचा भाव वेगवेगळा लिहावा. 2020 च्या टाळेबंदीत अनेक घरांची चूल याच दुकानांच्या वहीवर पेटली, हे गिऱ्हाइकानेही विसरू नये. उधारीचे मोल आहेच, पण ते किती हे गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे. रोख देणाऱ्याला उधारीचा भाव लागू नये आणि गरिबाच्या पावशेरावर जादा नफा चढू नये, एवढे जेथे पाळले जाते ते दुकान स्वस्त समजावे.