शेणकिड्याचे दिग्ज्ञान

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या म्हणजे आमच्या कौंडण्यपुरास वर्धेच्या काठी, जेथे गुरे चरतात तेथे, शेणकिड्यांची लगबग सुरू होते. रुक्मिणीच्या माहेरी येणारे यात्रेकरू देवळाकडे पाहतात, पायाखाली पाहत नाहीत. आपल्या घरांतून गोमयास जो मान आहे, तो त्यात राबणाऱ्या ह्या जीवास कोणी देत नाही, हे आम्हांस थोडे अन्यायाचे वाटते.

शेणाचा ताजा पो पडला की किडे त्यावर तुटून पडतात. काही जातींचे किडे आपल्यापुरते शेण तोडून त्याचा वाटोळा गोळा करितात आणि डोके खाली घालून, मागच्या पायांनी तो लोटीत नेतात. म्हणजे स्वारी चालते उलटी, व पुढील वाट तिला दिसत नाही. तरी ती जाते मात्र सरळ रेषेत! सरळच का, तर आयत्या गोळ्यावर टपलेले भाऊबंद त्या पोभोवती पुष्कळ असतात. वाट वळली तर पुन्हा त्यांच्याच हाती सापडावयाचे. मुक्काम कोठे, हे किड्याचे ठरलेले नसते. पोपासून दूर जावयाचे, एवढेच त्यास ठाऊक.

निघण्यापूर्वी तो गोळ्यावर चढून स्वतःभोवती गिरकी घेतो व आकाश न्याहाळतो. मग सूर्य ज्या बाजूस दिसला, त्याच बाजूस तो राहील अशा बेताने चालतो. मधमाशीस सूर्याच्या चालीचा हिशेब ठेवावा लागतो. ह्याचा प्रवास काही मिनिटांचाच, म्हणून त्यास ती यातायात नाही.

ही गोष्ट कल्पनेची नव्हे. दक्षिण आफ्रिकेत मार्कस बर्न व स्वीडनच्या मारी डाके ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ती पडताळून पाहिली आहे. खरा सूर्य फळीने झाकून आरशाने त्याचे प्रतिबिंब विरुद्ध बाजूने दाखविताच किडा उलट दिशेस वळला. पुढे रात्रिंचर जातींच्या किड्यांस त्यांनी पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या. आकाश दिसेनासे होताच त्यांची वाट वेडीवाकडी झाली. हे किडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरूनही दिशा धरितात, असे 2013 साली सिद्ध झाले. किड्यास टोपी घालणारे पंडित पाहून हसू येईल खरे, परंतु प्रश्न ह्याहून स्वच्छ रीतीने कसा विचारावा?

वऱ्हाडच्या वाचकांस एक शंका येईल. मेच्या अखेरीस, व पुन्हा जुलैच्या मध्यास, आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा बाजू कोणती धरावी? ह्याचेही उत्तर 2019 साली मिळाले. सूर्य फार वर चढला की किडा वाऱ्याची दिशा धरितो.

जिम्नोप्ल्यूरस, सिसिफस ह्या वर्गांतील गोळे लोटणारे किडे आपल्या देशातही आहेत. त्यांच्या श्रमाने शेण मातीत जाते व जमिनीस कस येतो. त्यांजवर आज एक संकट आहे. गुरांस जंतावर देतात ते आयव्हरमेक्टिन नावाचे औषध शेणातून बाहेर पडते. त्याच्या अल्प अंशानेही किड्याची घ्राणशक्ती मंदावते व पायांतील बळ ओसरते, असे 2015 साली स्पेनमधील संशोधकांस आढळले. ज्यास शेणाचा वास लागत नाही व गोळा हलत नाही, त्यास सूर्य दिसून काय उपयोग? गुरांस औषध देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी सरसकट सर्व जनावरांस ते पाजण्यापूर्वी गुरांच्या डॉक्टरास विचारावे, आणि पावसाच्या तोंडी, किडे बाहेर पडतात त्या दिवसांत, तर अवश्य विचारावे.