कुलूप कोण उघडणार?

बुऱ्हाणपुरात मे महिन्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखाली. त्यामुळे मी आईस हॉकीवर लिहितेय म्हटल्यावर घरचे हसलेच. पण मित्रांनो, माझा विषय बर्फ नाही, कुलूप आहे.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १८६२ साली व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक सुरू झाली. वर लाकडी कमानींचं उंच छप्पर, खाली थंडीनेच गोठलेला बर्फ, रात्री गॅसचे दिवे. ती बांधली होती हौशी स्केटिंगसाठी. हॉकी तिथे आली तेरा वर्षांनी, पाहुणी म्हणून. ३ मार्च १८७५ रोजी जेम्स क्रायटन या तरुणाने प्रत्येकी नऊ खेळाडूंचे दोन संघ उतरवले. छपराखाली झालेला आईस हॉकीचा पहिला जाहीर सामना म्हणून तो ओळखला जातो. प्रेक्षकांना लागू नये म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती वापरली. रिंक साधारण २०४ फूट लांब, ८० फूट रुंद. उत्तर अमेरिकेतलं आजचं मैदान २०० बाय ८५ फूट! म्हणजे एका इमारतीने खेळाला आकार दिला असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडे या. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला मोठी बंदिस्त रिंक उभी राहिली. स्पर्धा संपल्या आणि रिंक कित्येक वर्षं बंदच पडली. बर्फ टिकवायला वीज लागते आणि विजेचं बिल भरायचं कोणी? ती पुन्हा नीट सुरू व्हायला २०२५ उजाडलं. तोवर लडाखची मुलं-मुली गोठलेल्या तळ्यांवर, हिवाळ्याचे दोन-तीन महिनेच काय ते खेळत होती. २०२५ मध्येच आपल्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक आणलं. त्या संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या.

यावर लोक म्हणतात, "खेळाडूच नाहीत, तर वीज कशाला जाळायची?" खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण मॉन्ट्रियलमध्ये तरी हॉकीचे खेळाडू आधी कुठे होते? स्केटिंगवाल्यांनी जागा चालू ठेवली, म्हणून नव्या खेळाला दार उघडं मिळालं. एकाच स्पर्धेसाठी बांधलेली जागा स्पर्धेबरोबर संपते. दहा प्रकारच्या लोकांची असलेली जागा स्वतःचा खर्च काढण्याची शक्यता तरी जास्त.

आमच्या भागातही एक हॉल आहे. फीत कापली, फोटो निघाले, मग कुलूप. आम्ही एकांकिकेच्या तालमीसाठी विचारायला गेलो तर वॉचमन काका म्हणाले, "बेटा, वरून चिठ्ठी आण." ती चिठ्ठी काही मिळाली नाही. तालीम गच्चीवर झाली, संध्याकाळी सातनंतर, कारण त्याआधी गच्ची तापलेली असायची.

मला नवा हॉल नकोय. आहे तोच सकाळी बॅडमिंटनला, दुपारी अभ्यासाला, संध्याकाळी तालमीला द्या. थोडं भाडं घ्या, आम्ही वर्गणी काढू. त्यातून काय जन्माला येईल ते आज सांगता येणार नाही. १८६२ मध्ये मॉन्ट्रियलवाल्यांना तरी कुठे माहीत होतं?

ती रिंक १९२५ मध्ये पाडली आणि तिथे गाड्यांचं गॅरेज झालं. वाईट वाटतं. पण निदान त्याआधी साठ-बासष्ट वर्षं ती उघडी होती.