तिकीट ८५०, बिल १००४!

सबमिशन संपलं की होस्टेलवर एकच धावपळ असते, गावाला जायचं तिकीट काढायची. मागच्या दिवाळीत मीही कळंबोलीहून सुटणाऱ्या बसचं तिकीट ऑनलाइन काढलं. पहिल्या पानावर भाडं ८५० रुपये. पैसे भरले आणि मेसेज आला, १००४ रुपये! नीट बघितलं तर सुविधा शुल्क ७०, सीट निवडीचे ४९, विमा २५ आणि दान १०. विमा आणि दान मी मागितलंच नव्हतं, तिथे आधीच टिक होती.

रूममेट म्हणाला, "जाऊ दे रे, दीडशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार?" खरं सांगू? सगळा धंदा याच वाक्यावर चालतो. आपण म्हणतो थेंबे थेंबे तळे साचे. इथे थेंब आपले आणि तळं त्यांचं!

आता न्यायाचंही बोलू. शुल्क घेणं हाच गुन्हा नाही. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावरचं सुविधा शुल्क २०१६च्या नोटाबंदीनंतर बंद झालं होतं, ते सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा सुरू झालं. पण पनवेल स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढलं तर ते लागत नाही. म्हणजे निवड आपल्या हातात राहते. माझं भांडण लपवाछपवीशी आहे.

आणि कायदाही तेच म्हणतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध नियमावली काढली. त्यात असे १३ प्रकार दिलेत. न विचारता विमा किंवा दान बिलात घुसवणं म्हणजे 'बास्केट स्नीकिंग'. आधी कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग'. दोन्हींना बंदी आहे. शिवाय खासगी बसचं भाडं त्याच प्रकारच्या एस.टी.च्या दीडपटीपेक्षा जास्त नको, असं राज्य सरकारने २०१८ सालीच ठरवलंय. जास्त घेतलं तर तिकीट घेऊन आर.टी.ओ.कडे तक्रार करता येते.

मग करायचं काय? प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, पहिल्या पानाचा तर नक्कीच. आधी कंपनीला लेखी कळवा. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथे मराठीतही बोलता येतं. तरीही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. रायगडचा आयोग अलिबागला असला तरी तक्रार ऑनलाइन दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो.

मी १९१५पर्यंत गेलो. विमा आणि दानाचे ३५ रुपये परत आले. सुविधा शुल्क आणि सीटचे पैसे मिळाले नाहीत. रूममेट अजून हसतो. पण परवा त्याने तिकीट काढलं तेव्हा मी मागेच उभा होतो. पैसे भरण्याआधी गडी थांबला, खाली गेला आणि दोन टिक काढून टाकल्या.

आपल्या विंगमध्ये पन्नास जण आहेत. सगळ्यांनीच असं थांबून बघितलं तर?